तळ, छावणी आणि बिऱ्हाड

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध शेतकऱ्याच्या जमिनीच्या उताऱ्याची मराठी प्रत मिळावी म्हणून आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. अर्ज रीतसर होता, शुल्क भरलेले होते, आधारासाठी जोडलेली परिपत्रके क्रमवार लावलेली होती. समोरचे अधिकारी सभ्य गृहस्थ. त्यांनी आम्हांस बसवले, चहा मागवला, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि हसत म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचे पूर्वज फौजेबरोबर आले, इथे तळ ठोकला आणि उठायचे विसरले. आता त्या तळाचे कागदही तुमच्याच भाषेत हवेत का?" हे वाक्य त्यांनी अगदी स्वच्छ मराठीत उच्चारले, याची नोंद करणे भाग आहे.

प्रत त्या दिवशी मिळाली नाही. पायऱ्या उतरताना आमच्या पक्षकाराने, ज्यांच्या चार पिढ्यांची नावे त्या उताऱ्यावर आहेत, विचारले, "मग आमी आलो तरी कुठनं, वकीलसाहेब?" आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनात राहिला. आरोपपत्र हाती आले की आधी त्यातील शब्द तपासावेत, ही आमच्या व्यवसायाची शिकवण. म्हणून येथेही शब्दापासूनच आरंभ करू. तळ ठोकणे म्हणजे नेमके काय? आणि तळ ठोकलेला माणूस कोणत्या दिवसापासून रहिवासी ठरतो?

'तळ' हा मुळात जमिनीचा शब्द. भांड्याचा तळ, पायाचा तळवा, विहिरीचा तळ यांत जी खालची, टेकण्याची जागा आहे, तीच फौजेच्या तळात आहे. बखरींतून फौजेचा तळ 'पडतो', सरदार तळ 'देतो', आणि सकाळी तळ 'उठतो'. ठोकल्या जातात त्या मेखा. तेव्हा 'तळ ठोकणे' हा प्रयोग तंबू ठोकण्यावरून आला असावा, असा आमचा तर्क आहे. शब्द जुना असला तरी निवृत्त झालेला नाही. गाडीतळ, वाहनतळ, नाविक तळ, विमानतळ हे सारे त्याचेच वंशज. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या कोणालाही आपण एका तळावर पाय ठेवत आहोत, असे वाटत नाही.

त्या भोवतीचे शब्दकुटुंब मोठे आहे. डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना ही निवाऱ्याची नावे. मजल, मुक्काम, कूच ही चालण्या-थांबण्याची. सरदाराच्या तंबूंचा समूह तो गोट. लढणाऱ्यांमागून चालणारे सामान-सुमान आणि बिनलढाऊ माणसे ती बुणगे. त्यांतूनच 'बाजारबुणगे' ही आजची शिवी निघाली. आघाडीवर चालणारी तुकडी ती बिनी. बिनीचा शिलेदार आज साहित्यातही असतो आणि क्रिकेटच्या संघातही, आणि बिनीवाले हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. तंबू आणि बिछायती सांभाळणारे खाते तो फरासखाना. पुण्यात ते नाव आज पोलीस ठाण्याला आहे. वर्तमानपत्रांत नेते राजधानीत 'डेरेदाखल' होतात, विरोधकांच्या 'गोटात' शांतता असते, मोर्चा विधानसभेकडे 'कूच' करतो. मराठी वृत्तपत्रांचे राजकारण अजून तंबूतच चालते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

याहून मौजेची गोष्ट आपल्या पत्त्यात आहे. खेड्यातल्या मराठी माणसाचा पत्ता 'मु. पो.' या अक्षरांनी सुरू होतो: मुक्काम अमुक, पोस्ट अमुक. ज्या गावात पणजोबांचा जन्म झाला, ज्या गावाच्या ग्रामदेवतेची पालखी आपल्या दारात थांबते, त्या गावालाही आपण कागदावर मुक्कामच म्हणतो. अरबीतून आलेला हा शब्द उभे राहण्याच्या जागेसाठी होता. आपल्याकडे तो प्रवासातील थांब्याचा झाला आणि तेथून थेट घराचा. थांबा आणि घर यांच्यामध्ये भाषेने कधी पक्की भिंत बांधलीच नाही.

आता 'छावणी'. हा शब्द आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या पोटात तंबू नाही, छप्पर आहे. छावणे म्हणजे आच्छादणे, गवताने शाकारणे. संस्कृतातील 'छादन' आणि हा शब्द एकाच धातूचे. पावसाळ्याआधी घर शाकारण्यालाही जुन्या मराठीत छावणी म्हणत. फौजेची छावणी हा शब्द त्याच अर्थाने सुरू झाला. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज आठ महिने मोहिमेवर असे, रोज किंवा चार दिवसांनी तळ बदलत असे. पाऊस लागला की नद्या दुथडी भरत, घाट बंद होत, चिखलात तोफांचे गाडे रुतत. मग एका जागी गवताची छपरे घालून चार महिने काढायचे, घोडी पोसायची, माणसे ताजी करायची. ती छावणी. म्हणजे तळ उन्हाळ्या-हिवाळ्याचा आणि छावणी पावसाळ्याची. तळ एका रात्रीचाही असतो. छावणीला छप्पर लागते, वैरण लागते, बाजार लागतो आणि शेजाऱ्याशी जमवून घ्यावे लागते.

हे जमवून घेणे किती नाजूक असते, याचा उत्तम दस्तऐवज मराठीतच आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस ठेवलेल्या फौजेतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले ते पत्र. लष्कर, कटक आणि छावणी हे तिन्ही शब्द त्या एकाच पत्रात भेटतात, हा भाषेच्या अभ्यासकाचा लाभ. पण पत्राचा खरा जीव त्याच्या तपशिलात आहे. दाणा आणि गवत पावसाळाभर पुरवायचे आहे. आत्ताच हात सैल सोडलात तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरातील दाणे, कोणाची भाकरी, कोणाचे गवत, कोणाची भाजी उचलू लागाल. तसे झाले तर रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे, कोणावर जुलूम करू नये. आणि मग ती आगीची ताकीद: कोणी चुली पेटवतील, कोणी तंबाखू ओढतील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवतील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल, गवत पेटेल, मग सारी छावणीच जाईल, आणि घोडीही बुडतील.

एका राज्याचा स्वामी उंदराने ओढून नेलेल्या वातीची चिंता करतो, याचे कारण छावणीचे छप्पर गवताचे असते. आणि तो भाजीच्या देठापर्यंत जातो, कारण फौज ज्या गावाशेजारी चार महिने राहणार ते गाव तिचा शेजारी आहे. वैरण, छावणी आणि शेतकरी हे त्रिकूट आजही सुटलेले नाही. दुष्काळात महाराष्ट्रात चारा छावण्या उघडतात तेव्हा तो शब्द आपल्या मूळच्या घरी परत येतो: जनावरे, गवत आणि पावसाची वाट.

मराठी फौजांच्या सगळ्याच तळांनी ही ताकीद पाळली, असे आम्ही म्हणणार नाही. वकिलाने आपल्या बाजूची कमकुवत जागा स्वतःच सांगावी, नाहीतर ती समोरचा सांगतो. १७४२ पासून दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. त्या 'बर्गीं'ची भीती तेथील अंगाईगीतात आजही आहे. १७५१ मध्ये ओरिसा भोसल्यांकडे आला आणि १८०३ पर्यंत राहिला. त्या प्रांताच्या मुख्य शहराचे नावच कटक, म्हणजे संस्कृतात सैन्याचा तळ. हे नाव मराठ्यांच्या कितीतरी आधीचे. आपल्या अटकेपासून कटकेपर्यंतच्या गर्वोक्तीत दुसरे टोक म्हणजे नावानेच एक छावणी आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आणि हाच 'कटक' आजच्या शासकीय मराठीत कटक मंडळ होऊन बसला आहे: पुणे कटक मंडळ, खडकी कटक मंडळ. या मंडळांना निवडणुका आहेत, पाणीपट्टी आहे, शाळा आहेत, संसदेने २००६ साली केलेला स्वतंत्र कायदा आहे. कायद्याच्या दृष्टीने छावणी ही तात्पुरती वस्तू राहिलेली नाही.

फौजेचा तळ गाव कसा होतो, हे डोळ्यांनी पाहून लिहिणारा एक साक्षीदार आपल्याला मिळाला आहे. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या तळावर, रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीबरोबर होता. त्याने पाठवलेल्या पत्रांचे पुस्तक १८१३ मध्ये निघाले. त्याची दृष्टी परक्याची आहे, अनेक ठिकाणी तुच्छतेची आहे. पण डोळा तीक्ष्ण आहे. तो लिहितो की बिनीवाला मुख्य फौजेच्या काही तास आधी निघतो आणि नव्या जागी पोहोचून एक लहान पांढरे निशाण रोवतो. महाराजांचा डेरा तेथे पडायचा. मग जसजसे बाजार येऊन पोहोचतात तसतशी त्यांची निशाणे लागतात, आणि नेहमी एकमेकांच्या संदर्भात त्याच त्या जागी लागतात. दुकानांच्या दोन समांतर ओळी लागून तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रस्ता तयार होतो.

या वर्णनावर क्षणभर थांबावे. जमीन रोज बदलते, पण शेजार बदलत नाही. काल ज्या वाण्याच्या डावीकडे कासार होता, त्याच्या डावीकडे आजही कासारच. सराफ्यातून धान्यबाजाराकडे जाणारी वाट काल अजमेरच्या वाटेवर होती तशीच आज पाच कोस पुढे. दिवसभर चालून आलेल्या माणसाला आपले घर शोधावे लागत नसे. हे गावच होते. फक्त त्याला पाय होते.

१८०५ च्या तहाने ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडे परत आला होता. १८१० च्या सुमारास दौलतरावांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला, आणि मग उठला नाही. निशाणे होती तेथे बाजार झाले, कनाती होत्या तेथे भिंती आल्या. शहराला नवे नाव शोधण्याचीही कोणास गरज वाटली नाही. लष्कर पडले होते म्हणून लष्कर. आजही ग्वाल्हेरचा तो भाग लष्करच आहे, आणि त्याच्या मध्यभागी महाराज बाडा आहे. हा बाडा म्हणजे आपला वाडा. मराठी 'व' हिंदीत 'ब' होऊन तेथे नांदतो. पाटणकर बाजार, फालका बाजार, शितोळ्यांचा बाडा ही नावे तर भाषांतराविनाच वाचता येतात. तेथेच कंपू नावाचा भाग आहे. शिंद्यांच्या पदरी युरोपियन अंमलदारांनी कवायत शिकवलेल्या ज्या पलटणी होत्या, त्यांना कंपू म्हणत. शब्द पोर्तुगीज किंवा इंग्रजी तळावरून आला. ग्वाल्हेरात तो रस्त्याचा, ठाण्याचा, मोहल्ल्याचा शब्द झाला. महाराष्ट्रात मात्र त्याचा अर्थ आपसांत गट करून बसलेली टोळी असा झाला आणि त्यापासून 'कंपूशाही' निघाली. एकच शब्द, तेथे पत्ता आणि येथे दूषण.

लष्कराने महाराष्ट्राला काय दिले, याची यादी करण्याचा हा प्रसंग नव्हे. तरी एक सांगितलेच पाहिजे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ती ख्यालगायकी त्यांनी दक्षिणेत आणली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. आज मिरज-बेळगाव पट्ट्यात जी गायकी आपण आपली म्हणून ऐकतो, तिचा एक मोठा झरा त्या न उठलेल्या तळातून आला आहे. भा. रा. तांबे ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचे. आणि श्योपूरला एका मराठी कुटुंबात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एका घरात दोन भाषा सख्ख्या भावांसारख्या वाढल्या. त्यांतल्या कोणी कोणाला उठायला सांगितले नाही.

इतर केंद्रांची कथा थोडी थोडी निराळी. गायकवाडांनी सोनगडाहून येऊन १७३४ मध्ये बडोदे कायमचे घेतले, आणि पुढे त्याच संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. इंदुरात 'छावनी' म्हणतात तो भाग होळकरांच्या फौजेचा नव्हे; तो १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर आलेल्या इंग्रजांचा. हैदराबादेत मराठी माणूस फौजेतून आला असे म्हणणे तर इतिहासाला सोडूनच होईल, कारण मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच राज्याचा भाग होता. तो आपल्याच राजधानीत गेला. तेथे तळ ठोकला तो इंग्रजांनी, आणि १८०६ मध्ये त्या छावणीला निजाम सिकंदर जाहच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. गोव्यात मराठी टिकली ती कीर्तनांत, पुराणांत, देवळांच्या ओवऱ्यांत. तेथे तंबूचा संबंध शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

इंदुराजवळच्या महूचा मात्र वेगळा उल्लेख हवा. तीही १८१८ ची इंग्रजी छावणी. कोकणातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, सैनिकी शाळेत शिकवीत होते. १४ एप्रिल १८९१ रोजी त्या छावणीत त्यांना मुलगा झाला. पुढे हे कुटुंब दापोलीला आले. तेही निवृत्त सैनिकांचे कॅम्प दापोली. भारताच्या राज्यघटनेचा शिल्पकार जन्मला तो तळावर, मराठी मुलखाबाहेर, मराठी घरात. भारतात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क सांगणारा अनुच्छेद १९ आणि आपली भाषा जतन करण्याचा हक्क सांगणारा अनुच्छेद २९ वाचताना आम्हांस ती महूची छावणी आठवल्यावाचून राहत नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करण्यास राज्यांना सांगतो. त्यात मुलाचे पूर्वज कधी आले आणि कोणाबरोबर आले, असा रकाना कोठेही नाही.

आता बेळगाव. अधिकाऱ्यांच्या वाक्याची गंमत अशी की आमच्या बाबतीत ते उलटे आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कोणी 'तुम्ही तळाबरोबर आलात' म्हटले तर तो मान हलवील, आणि त्याला त्याचे वैषम्यही नसेल. बेळगावात तळ आमच्याकडे आला. एप्रिल १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला. १८३२ मध्ये येथे कॅन्टोन्मेंट झाले. शहराच्या ज्या भागाला आम्ही आजही 'कॅम्प' म्हणतो तो हा. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कंग्राळी येथील भाताची शेते या कॅम्पच्या आधी होती. त्याआधी या भूमीने रट्ट पाहिले, यादव पाहिले, विजयनगर, बहामनी, आदिलशाही, मराठे पाहिले. रट्टांच्या काळचे शिलालेख कन्नडात आहेत, हे आम्ही कधी नाकारले नाही आणि नाकारणार नाही. पण श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरेही कोरलेली आहेत, आणि ती कोरणाऱ्यांना कोणी तळ ठोकणारे म्हणत नाही. फौजा येत गेल्या, उठत गेल्या. भात लावणारा मात्र चिखलातच उभा होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जेव्हा तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हाही त्याने एक पाऊल उचललेले नव्हते. हललेली होती ती सीमा.

कायद्यात अधिवास ठरवताना दोन गोष्टी पाहतात: प्रत्यक्ष वास्तव्य आणि तेथेच कायम राहण्याचा हेतू. हेतू मनात असतो, म्हणून तो कृतीवरून ताडावा लागतो. माणसाने विहीर खणली का, झाड लावले का, मुलाला कोणत्या शाळेत घातले, बापाला कोठे अग्नी दिला. तांड्यांचेच पाहा. लमाणांचे तांडे एकेकाळी फौजांना धान्य पोहोचवीत बैलांसह हिंडत. कर्नाटकात अलीकडे अशा तांड्यांना महसुली गावांचा दर्जा देऊन रहिवाशांना हक्कपत्रे दिली गेली. आम्हांस त्याचा मनापासून आनंद आहे. नावात तांडा असूनही ते गाव ठरले.

त्या अधिकाऱ्यांना आम्ही एक गोष्ट सांगायला हवी होती. ती नंतर, रात्री कोश चाळताना सुचली. त्यांची मातृभाषा कन्नड. कन्नडात तळाला 'बीडु' म्हणतात आणि तळ देणे म्हणजे 'बीडु बिडु'. जुन्या कन्नड शिलालेखांत राजा आपल्या 'नेलेवीडु'तून राज्य करतो. नेलेवीडु म्हणजे स्थिर झालेला तळ, अर्थात राजधानी. आणि आज कन्नड माणूस अभिमानाने एखाद्या प्रदेशाला कलांचा बीडु, शरणांचा बीडु म्हणतो, तेव्हा त्याला अभिप्रेत असते माहेरघर. म्हणजे ज्या शब्दाने आम्हांस उपरे ठरवायचे, तोच शब्द त्यांच्या भाषेत आपुलकीच्या घराचा आहे.

याच कुळातला दुसरा कन्नड शब्द 'बिडार', म्हणजे उतरण्याची जागा, तळ. व्युत्पत्तीचे अभ्यासक सांगतात की तो मराठीत 'बिढार' झाला आणि पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन 'बिऱ्हाड'. नव्या नवरा-नवरीने मांडायचे ते बिऱ्हाड, शहरात भाड्याने घ्यायचे ते बिऱ्हाड, विंचवाच्या पाठीवर असते तेही बिऱ्हाड. मराठी घरातला हा सर्वांत घरगुती शब्द आम्ही शेजाऱ्याच्या तळावरून उचलला आणि परत केला नाही. ही उसनवारी कोणत्याही तहाने झाली नाही, कोणत्याही आयोगापुढे आली नाही. १९६६ च्या महाजन आयोगाने गावे मोजली. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्यात नकाशे आहेत, जनगणनेचे तक्ते आहेत. बिऱ्हाड हा शब्द कोणाच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखल करावा, हे मात्र आम्हांसही कळत नाही.

आमच्या शहरात आणखी एक तळ पडला होता. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या मोकळ्या माळावर काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सारी व्यवस्था उभी केली, डॉ. ना. सु. हर्डीकरांचे सेवादल स्वयंसेवक म्हणून राबले. त्या तळाला नाव दिले होते विजयनगर. मराठी आणि कन्नड माणसांनी मिळून राहुट्या ठोकल्या, रस्ते आखले. आणि हजारो पाहुण्यांना पाणी लागणार म्हणून एक मोठी विहीर खणली. गांधीजींनी दोन्ही भाषांच्या त्या गर्दीपुढे साधेपणाचा आग्रह धरला, अधिवेशन संपले, कनाती उतरल्या, विजयनगर हे नावही हळूहळू विस्मरणात गेले.

विहीर तेवढी राहिली. काँग्रेस विहीर म्हणूनच ती ओळखली जाते, आणि तिच्या जवळून जाणारा रस्ता काँग्रेस रोड. गेल्या पावसाळ्यात ते वृद्ध शेतकरी दुसऱ्या कामासाठी शहरात आले होते, तेव्हा आम्ही त्यांना मुद्दाम तेथे घेऊन गेलो. ते काही वेळ कठड्याला टेकून आत पाहत राहिले. मग म्हणाले, "पाणी लई वर आलंय की." उताऱ्याच्या प्रतीसाठीचे आमचे अपील अद्याप प्रलंबित आहे.